एकोणीस किलोंची यादी

*मावशी, मी २७ वर्षांची, कराडची. पुण्यातली नोकरी दिवाळीनंतर सोडतेय. नोव्हेंबरअखेर निघून सहा महिने एकटीने भारत फिरायचाय. आधी कच्छ-राजस्थान, मग हंपी आणि केरळ, तिथून विवेक एक्स्प्रेसने आसाम-मेघालय आणि शेवटी एप्रिल-मेमध्ये हरिद्वारवरून किन्नौर-स्पिती. दिवसाला हजार रुपयांत भागवायचं आहे, म्हणजे स्लीपर क्लास, डॉर्म, धर्मशाळा. सामानाची यादी केली तर ६३ वस्तू झाल्या. घरातल्या बॅगांत भरून वजन केलं, १९ किलो. माझं वजन ५२. ७० लिटरची सॅक ऑनलाइन बघून ठेवलीय. काय काढू कळत नाही, प्रत्येक वस्तू लागेलच असं वाटतं. शिवाय थंडी आणि उकाडा दोन्ही एका बॅगेत कसे बसवू? त्यात आई डबे भरायला बसलीय आणि आजीने गंगाजळासाठी पितळी लोटा काढून ठेवलाय. यादी सोबत जोडली आहे. नाव छापू नका, ऑफिसात अजून सांगितलेलं नाही.*

अगं, तुझी यादी हातात घेतली तेव्हा चहा वाफाळत होता. पस्तिसाव्या वस्तूपर्यंत पोचले तेव्हा त्यावर साय धरली होती.

आंघोळीचे साबण आठ. सॅनिटरी पॅडची पाकिटं बारा. टूथपेस्ट तीन, त्याही मोठ्या. तू बॅग भरलेली नाहीस, सहा महिन्यांचा किराणा भरला आहेस. जिथे चालली आहेस तिथेही माणसं राहतात, आणि तीही दात घासतात. पार स्पितीतल्या काझाच्या बाजारातही टपरीवर शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकलेली असते. तेव्हा आधी पेन घे आणि प्रत्येक वस्तूपुढचे सहा महिने खोडून सात दिवस लिही. आठव्या दिवशी तू कुठल्या ना कुठल्या बाजारात असणारच आहेस. एवढ्यानेच तीन-चार किलो उतरतील, बघ.

मग घरून न्यायचं तरी काय? जे फक्त तुझ्याच अंगाला बसतं आणि वाटेत धड मिळत नाही, ते. सॅक, बूट, अंतर्वस्त्रं, चष्मा आणि नंबरचा कागद, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. याच्यावर वेळ घालव, पैसेही घाल. तू नेमकं उलटं केलंयस. घडीचा स्टोव्ह कुठला घ्यायचा यावर अर्धं पान लिहिलंस आणि बुटांसमोर नुसतं ‘स्पोर्ट्स शूज (आहेत)’. स्टोव्ह काढून टाक. तू चहाच्या टपऱ्यांच्या देशात फिरते आहेस.

आता सॅक. ७० लिटरची अजिबात नको. मोठ्या सॅकेची खोड अशी की ती रिकामी राहत नाही. जागा दिसली की माणूस भरतोच. शिवाय एवढी सॅक रिकामीच दोन किलोंच्या घरात जाते, म्हणजे एकही कपडा न घालता तुझ्या पाठीवर दोन लिटर दूध. विवेक एक्स्प्रेस कन्याकुमारी ते दिब्रुगड जवळजवळ ४,२०० किलोमीटर धावते. तू केरळात बसलीस तरी गाडीत तीन दिवस काढायचे आहेत. खालच्या बर्थखाली सगळ्यांच्या पत्र्याच्या ट्रंका आणि गोण्या असतात. ७० लिटरची सॅक तिथे शिरत नाही, मग ती तुझ्या बर्थवर येते आणि तू पाय पोटाशी घेऊन झोपतेस. ४० लिटरची घे. फार तर ४५. रेल्वेची साखळी-कुलूप मात्र हवंच. खालच्या बर्थखाली अडकवायला कड्या असतात. स्टेशनावर साखळी विकणारे हटकून भेटतात, ती घरून न्यायचीही गरज नाही.

आणि सॅक ऑनलाइन घेऊ नकोस, हे हात जोडून सांगते. सॅकेचा आकार लिटरवर नसतो, पाठीवर असतो. मान खाली घाल, मानेच्या मुळाशी जो मणका हाताला टोचतो तिथपासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत आईला टेपने मोजायला सांग. ही तुझ्या पाठीची लांबी. उंच मुलीची पाठ आखूड असू शकते आणि बुटकीची लांब. त्या मापाची सॅक असली तर कमरेचा पट्टा बरोबर हाडांवर बसतो आणि ओझ्याचा मोठा भाग तिथे उतरतो. खांद्यांनी फक्त सॅक मागे झुकू नये एवढंच बघायचं. पट्टा पोटावर येत असेल तर सॅक लांब आहे, सोड. दुकानात वजन भरून बघू देतात. आठ किलो भर, पट्टा आवळ आणि तिथल्या तिथे वीस मिनिटं चाल. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे.

माझी पहिली सॅक मी रंगावर भाळून घेतली होती. मोरपंखी. होस्पेटच्या स्टँडवर पहाटे बसमधून उतरताना उजव्या पट्ट्याची शिवण उसवली आणि सॅक एका कानावर लोंबायला लागली. स्टँडबाहेरचा चांभार पोतं अंथरत होता. त्याने आधी सॅक उलटी केली, शिवणीवर अंगठा फिरवला, मान हलवली आणि मग मेण लावलेला जाड दोरा आरीतून काढत दोन ओळी टाके मारले. पट्ट्याखाली जोडेदुरुस्तीच्या चामड्याचा एक चौकोन घातला, तोही न मागता. पुढे सॅकेची चेन गेली, कापड विटलं, पण तो टाका शेवटपर्यंत हलला नाही. सांगायचं ते असं की तुझ्या यादीतला ‘दुरुस्ती संच, १४ नग’ काढ. सुई, जाड दोरा, चार-पाच सेफ्टी पिना आणि चार मीटर सुतळी पुरे. सुतळी कपडे वाळत घालायला. बाकी चांभार आहे, शिंपी आहे, वेल्डिंगवाला आहे. अशी दुरुस्ती आपल्या देशासारखी कुठे होत नसेल.

सॅकेला वरून घालायचं रेनकव्हर विकत घेतलंस तर घे, पण त्याच्यावर विसंबू नकोस. पाठीकडून पाणी शिरतंच. आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लाव आणि सगळं सामान त्या पिशवीत भर. तुमच्याकडे साखर कारखाने आहेत, पोत्यातली आतली पिशवी सहज मिळेल. दोनदा धुऊन घे, नाहीतर राजस्थानातल्या मुंग्या तुझ्यासोबत केरळ बघतील.

कपड्यांचं गणित सोपं आहे. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. तीन जोड. तू अकरा लिहिलेत. जीन्स तर मुळीच नको. जाड, जड, आणि केरळच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. पातळ सुटसुटीत दोन पँटी, तीन कुर्ते किंवा टी-शर्ट. टॉवेलऐवजी पंचा. पंचा तासाभरात वाळतो, उन्हात डोक्यावर घेता येतो, गाडीत उशाला होतो. मोठी सुती ओढणी एक. गुरुद्वारात डोकं झाकायला लागेल, वरच्या बर्थवर दिवा डोळ्यांवर यायला लागला की पडदा होईल. रोज रात्री आंघोळीच्या बादलीतच दोन कपडे पिळून टाकायची सवय आत्तापासून लाव, कारण ही सवय नसेल तर तीन जोडांचं गणित चौथ्या दिवशी कोसळतं.

थंडी आणि उकाड्याचं विचारलंस. तुझा मार्ग नीट बघितलास तर उत्तर त्यातच आहे. थंडी दोन तुकड्यांत आहे, सुरुवातीला थोडी आणि शेवटी खरी. कच्छला उन्हाचं समजू नकोस. गुजरातेत हिवाळ्यात पारा सगळ्यात खाली उतरतो तो बहुतेकदा कच्छातल्या नलियात. पण तिथे एक स्वेटर, कानटोपी आणि वारा अडवणारं पातळ जाकीट एवढ्यात निभावतं. स्पितीसाठी यात भर हवी ती एका हलक्या पफर जाकिटाची आणि लोकरीच्या किंवा थर्मलच्या आतल्या कपड्यांच्या एका जोडाची. ते आत्ता घेऊन केरळभर कशाला मिरवतेस? सगळं गरम सामान एका पार्सलमध्ये बांधून घरी ठेव. एप्रिलमध्ये हरिद्वारला पोचायच्या दहा-बारा दिवस आधी जिथे उतरणार तिथे विचारून भावाला पोस्टात टाकायला सांग. राजस्थान संपलं की स्वेटर तसाच घरी परत पाठव. पार्सल म्हणजे फार काही नाही. जुन्या चादरीत गुंडाळायचं, शिंप्याकडून शिवून घ्यायचं, वर मार्करने पत्ता. मोठ्या पोस्टांबाहेर तर पार्सल शिवून देणारेच बसलेले असायचे, मुंबईच्या जीपीओबाहेर मी कित्येकदा शिवून घेतलंय.

एक लक्षात ठेव, थंडीत अंगालगत सुती कपडा नको. चढाला घाम येतो, सुती बनियन तो पिऊन बसतं आणि थांबलं की अंग गार पडतं. तिथे लोकर किंवा कृत्रिम धागा. सुती सगळं मैदानासाठी.

स्लीपिंग बॅग यादीतून काढ. दीड किलो आणि अर्धी सॅक. तू तंबूत राहणार नाहीस, आणि स्पितीत घरोघरी ज्या रजया देतात त्या अंगावर घेतल्या की कूस बदलायला जोर लावावा लागतो. अडचण असते ती रजईच्या स्वच्छतेची. त्यावर माझा जुना उपाय सांगते. आईची एक मऊ पडलेली सुती साडी माग. साडेपाच मीटरांतलं सव्वाचार मीटर काप. मधोमध दुमडून दोन पदर एकावर एक ठेव, म्हणजे दोन मीटरांच्या थोडी पुढे लांबी झाली. एक बाजू पूर्ण शीव, दुसरी खालून अर्धीच. दुमड पायाकडे. झाली खोळ. हिच्यात शिरायचं आणि वरून धर्मशाळेचं ब्लँकेट कसंही असू दे. धुतली की दुपारपर्यंत वाळते. बाजारात हेच सिल्कचं हजार-दोन हजारांना विकतात. उरलेल्या सव्वा मीटरात मळक्या कपड्यांची पिशवी आणि बुटांची पिशवी होते. आणि हो, चौथ्या महिन्यात कुठेतरी ताप भरला की त्या साडीला घरचा वास येतो का म्हणून नाक लावून बघशील. येत नसतो, पण बघतो आपण.

बुटांबद्दल वर बोलले, तरी पुन्हा. ‘आहेत’ ते किती जुने आहेत? तळवा झिजलेला असेल तर ते कराडातच ठेव. मध्यम जाडीच्या तळव्याचे, अर्धा नंबर मोठे असे एकच बूट घे, कारण चालून पाय संध्याकाळी सुजतो. दुकानातही संध्याकाळीच जा. वॉटरप्रूफचा हट्ट नको. त्यात एकदा पाणी वरून शिरलं की बाहेर पडत नाही. निघण्याआधी महिनाभर रोज घाल. सोबत मागे पट्टा असलेले सँडल एक. बूट चावायला लागलेत असं वाटलं की फोड यायची वाट न बघता तिथे मायक्रोपोर टेप लाव. टेप मेडिकलमध्ये कुठेही मिळते, पण चावतं तेव्हा मेडिकल जवळ नसतं, म्हणून एक रीळ सॅकेच्या बाहेरच्या खिशात.

मेघालयातल्या नोंगरियातच्या जिवंत मुळांच्या पुलाला उतरायला तीन हजारांवर पायऱ्या आहेत, आणि उतरल्या तेवढ्याच चढायच्या. तिथे मोठी सॅक वरच्या गावात किंवा सोहराला, म्हणजे चेरापुंजीला, ठेवून जायचं असतं. त्यासाठी घडी घालून मुठीत मावणारी एक पातळ पाठपिशवी ने. शहरात फिरतानाही तीच. मेघालयात मार्च-एप्रिलमध्ये वळवाचे गडगडाटी पाऊस सुरू होतात. पोंचो घे की रेनकोट यावर तू दोन ओळी खर्ची घातल्यात. छत्री घे. घडीची. उन्हातही चालते.

लॅपटॉप तू कंसात प्रश्नचिन्ह टाकून लिहिलायस, म्हणजे उत्तर तुलाच माहीत आहे. चार्जरसकट दोन किलो, आणि डॉर्ममध्ये रोज त्याचीच काळजी. मोबाइल पुरे. पॉवर बँक दहा हजार एमएएचची एक. वीस हजारांचीही विमानात चालते, पण नेहमी हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये टाकायची नाही. स्लीपरच्या डब्यात प्लग कमी आणि माणसं फार. एका प्लगचे तीन करणारी छोटी पिन ने, शेजारी मैत्री करायला यासारखं साधन नाही. डोक्याला बांधायची छोटी बॅटरी हवी. धर्मशाळांच्या खोल्यांना कडी-कोयंडा असतो, कुलूप आपलं लावायचं असतं, म्हणून एक मध्यम कुलूप ने. डॉर्मच्या लॉकरलाही तेच.

औषधांचा तुझा डबा माझ्या घरच्या कपाटापेक्षा मोठा आहे. तापाची गोळी, ओआरएसची चार पाकिटं, जखमेचं मलम, बँडेज, आणि तुझी स्वतःची नेहमीची औषधं चिठ्ठीसकट. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं असतं, ग्लासात थोडंथोडं नाही. हे लिहायचं कारण, अर्धं जग ते चुकीचं घेतं. पॅडचं म्हणशील तर गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळतात. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा विचार असेल तर उत्तम, वजन नाही, कचरा नाही. पण पहिला प्रयोग प्रवासात नको. निघायच्या आधी दोन-तीन महिने घरी वापरून बघ.

स्पितीचं एक सामान पाठीवर घ्यायचं नसतं, ते म्हणजे दिवस. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. मनालीकडून येणारा कुंझुमचा घाट एप्रिल-मेमध्ये बहुधा बर्फाखालीच असतो, त्यामुळे तू शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो अशीच जाणार आहेस आणि ते बरंच आहे. वाटेत दोन-तीन मुक्काम कर, शरीर हळूहळू सरावेल. डोकं ठणकायला लागलं आणि मळमळलं तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. विरळ हवेची गोळी घ्यायची की नाही ते तुझ्या डॉक्टरांना विचार, मला नाही. तिकडे जाताना रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेव. रेंज नसली की मोबाइलवरचे पैसे नुसते दिसतात. आधारच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझचे आठ-दहा फोटोही ने. मेघालयापर्यंत गेलीच आहेस तर नागालँड किंवा अरुणाचल करावं असं मनात येईल, आणि तिथे इनर लाइन परमिट लागतं.

आता आई. आईशी भांडू नकोस, तह कर. मेतकूट पाव किलो, शेंगदाण्याची चटणी पाव किलो, दोन्ही डबल पिशवीत. भडंग पहिल्या गाडीपुरतं, ते तसंही साताऱ्यापर्यंत उरत नाही. लोणचं नाही, म्हणजे नाही. मी एकदा कैरीच्या लोणच्याची बरणी नेली होती. झाकण फडक्याने बांधून, वर मेण ओतून. सॅक उलटी ठेवली गेली आणि मोहरी-हिंगाचं तेल थेट गरम कपड्यांत उतरलं. पुढचे दीड महिने मी जिथे जाईन तिथे लोक मान वळवून बघायचे. आईला वाईट वाटत असेल तर सांग, महिन्याने एक पार्सल पाठव. तिलाही काम मिळेल.

या सगळ्यातून तुझी सॅक आठ किलोंच्या आसपास यायला हवी. पाण्याची बाटली भरली की नऊ. तुझ्या वजनाला एवढंच झेपेल. निघायच्या आधी तीन रविवार ती पूर्ण भरून सदाशिवगडाच्या पायऱ्या चढ. पहिल्या रविवारी अर्ध्यावर बसशील आणि सॅक उघडून बघायला लागशील की हे काय काय घेतलंय मी. जे काढावंसं वाटेल ते तिथेच ठरव, घरी येऊन नाही. घरी आलं की परत सगळं गरजेचं वाटतं. गडावर रोज येणारी मंडळी विचारतील कुठे चाललीस म्हणून, तर काहीतरी सांग. ऑफिसातलं कुणी नाही ना तिथे?

राहिला लोटा. आजीचा पितळी लोटा घरीच राहू दे. हरिद्वारच्या बाजारात झाळून बंद केलेले तांब्याचे गडू मिळतात. काशीयात्रेहून आणलेले असे गडू आपल्याकडे देवघरात वर्षानुवर्षं न फोडता असायचे, आजीला बरोबर माहीत असेल. लहानातला लहान घे, मुठीत मावतो. जाताना घे, पण किन्नौरला नेऊ नकोस, सॅकेतल्या बाकी नको असलेल्या सामानासोबत हरिद्वारच्या मुक्कामी ठेव आणि उतरताना उचल. टपाल खातं २०१६पासून गंगाजळाच्या बाटल्या विकतं, हे मात्र आजीच्या कानावर जाऊ देऊ नकोस.